तेहेतीस पोरींचं भांडण

आमच्या आणि शेजारच्या परसदारामधल्या लाकडी कुंपणाची एक फळी निखळली आहे, आणि ती बसवायला आम्ही दोघीही कुणाला हात लावू देत नाही. त्या फटीतून इकडून कढीपत्ता जातो, तिकडून थालीपीठ येतं, आणि कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीवेलच्या बातम्या पुण्याच्या सदाशिव पेठेच्या सुरात ऐकायला मिळतात. पलीकडच्यांच्या आई, म्हणजे आमच्या काकू, पुण्यातल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सध्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आहेत. काल मांडीवर गवारीचं ताट घेऊन बसल्या होत्या.

"अगं, पालो अल्टोला जाऊन आलो. मुलानं एक मुलींची शाळा दाखवली. म्हणाला, आई, ही शाळा वाढवायची म्हणून सगळी आळी सहा वर्षं भांडत होती. शाळा वाढते म्हणून कुणी भांडतं होय?"

"कॅस्टिलेजा ना? भांडतात म्हणजे काय! घरोघरी हिरवळीवर पाट्या रोवल्या होत्या. एका घरापुढे वाढ थांबवा, पलीकडच्या घरापुढे शाळेच्या बाजूची."

"सोसायटीच्या निवडणुकीसारखं म्हण की."

"आणि वस्ती कुठली, तर ओल्ड पालो अल्टो. स्टीव्ह जॉब्स राहायचा तीच. शाळाही लेचीपेची नाही, १९०७ सालची. सहावी ते बारावी, नुसत्या मुली. शहरानं २००० साली परवानगी देताना अट घातली होती की ४१५ मुलींच्या वर पट जाता कामा नये. २०१३ मध्ये बघतात तर ४४८."

काकूंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "तेहेतीस? अगं, माझ्या एकेका तुकडीत सत्तर बसायच्या. तेहेतीस म्हणजे अर्धी तुकडी नाही."

"त्या अर्ध्या तुकडीपायी २,६५,००० डॉलर दंड झाला."

गवारीची शेंग हातातच राहिली. मग काकू एकदम हसायला लागल्या. "आमच्याकडे सगळं उलटं बघ. २०११ च्या ऑक्टोबरात तू इकडे असशील. तीन दिवस अख्ख्या महाराष्ट्रात एकदम पटपडताळणी. एका शाळेतली मुलं दुसरीत नेऊन पुन्हा मोजून घेऊ नयेत म्हणून बोटाला शाई लावत होते, मतदानाला लावतात तशी. पहिलीतली पोरं घरी जाऊन आयांना बोटं दाखवत होती. आमचा पट नीट जुळला, पण कुठे कुठे हजेरीपटावरची लाखो पोरं जागेवर नव्हतीच! पट फुगवला की शिक्षक वाढतात, अनुदान वाढतं. आमच्याकडे पोरं कागदावर जास्त आणि वर्गात कमी. इथे कागदावर कमी, वर्गात जास्त."

"इथे अनुदान नाही, काकू. इथे मुलगी म्हणजे फी."

"ते फीचं नंतर सांग. मला आधी हे सांग, दंड भरला, मिटलं. मग सहा वर्षं कशाला?"

"मिटतंय कुठे! पट हळूहळू उतरवा म्हणून शहरानं सांगितलं, आणि २०१६ मध्ये शाळेनं अर्ज टाकला की आम्हाला ५४० मुली हव्यात, नवीन इमारत हवी, गाड्यांसाठी जमिनीखाली गॅरेज हवं."

"म्हणजे जुनी उधारी फिटायच्या आत नवीन खातं." काकूंचा सूर बदलला. "मग शेजाऱ्यांचं काही चुकलं नाही हो. गॅरेज किती गाड्यांचं, झाडं किती जाणार, आवाज किती होणार, शाळा देईल तो प्रत्येक आकडा संशयानंच बघणार ते. एकदा पट चुकवलेल्या शाळेच्या हजेरीवर मी सही करताना दोनदा बघायचे."

मला उगीच शाळेची बाजू घ्यावीशी वाटली. म्हटलं, "पण काकू, शाळा शंभर वर्षांची. या लोकांनी घरं घेतली तेव्हा शाळा शेजारी आहे हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण ४१५ ची दिसत होती."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, म्हणून मी गॅरेजवर वळले. खरी गंमत तिथेच आहे. शेजारी म्हणत, तुमच्या गाड्या आमच्या दारात नकोत. शाळा म्हणाली, बरं, जमिनीखाली घालतो. तर शेजारी म्हणाले, घरांच्या वस्तीत जमिनीखाली गॅरेज? म्हणजे जास्त गाड्या येणार हे तुम्ही कबूलच केलंत! त्यात गॅरेजचं तोंड ब्रायंट स्ट्रीटवर. हा रस्ता सायकलींसाठी राखलेला, १९८२ मधला, देशातला असा पहिला. एलन फ्लेचर या नगरसेविकेनं सायकलींसाठी जन्मभर खटपट केली, तिचं नाव त्याला दिलंय.

"नगरसेविकेच्या नावाचा सायकलचा रस्ता!" काकूंना हे फार आवडलं. "आमच्याकडे नगरसेवकाच्या नावाची कमान असते."

"मग झाडांचं निघालं. तिथे ओक आणि रेडवूड असे सहजी तोडता येत नाहीत. शिवाय शाळेच्याच मालकीची शेजारची दोन घरं पाडायची होती. पर्यावरणाचा जाडजूड अहवाल झाला, कॅलिफोर्नियात त्याशिवाय पान हलत नाही. शेवटी आराखडा बदलला, गॅरेज लहान केलं, घरं राखली. मधे करोना आला, तर सुनावण्या झूमवर. प्रत्येकाला मोजून दोन-तीन मिनिटं. शाळेच्या मुली बोलल्या, माजी विद्यार्थिनी बोलल्या, शेजारी बोलले. शाळेच्या बाजूचे काही जण म्हणायला लागले की हा मुलींच्या शिक्षणाला विरोध आहे."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "हे मात्र मला चालणार नाही. मुलींच्या शिक्षणाला विरोध म्हणजे काय ते पुण्याला विचार. १८४८ मध्ये सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की अंगावर शेण यायचं, तो विरोध. हा पार्किंगचा तंटा आहे. त्याला मोठ्या नावाची झूल घालायची नाही."

"तंटा तर तंटा. आपण पाडव्याच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा त्या हॉलसमोरच्या घरातली बाई खिडकीतून आपल्या गाडीकडे कशी बघत होती?"

"बघत काय होती, नंबर लिहून घेत होती," काकू म्हणाल्या, "आणि बरोबरच होतं तिचं. जिलबी संपेपर्यंत उठला का कोणी? ते राहू दे. निकाल काय लागला?"

"२०२२ च्या जूनमध्ये परवानगी मिळाली. पण ५४० मुली एकदम घ्यायच्या नाहीत. पायरी पायरीनं, आणि गाड्यांच्या फेऱ्या वाढल्या नाहीत तरच पुढची पायरी. शाळेच्या कार्यक्रमांवरही मर्यादा."

"म्हणजे आता मुलींऐवजी गाड्या मोजायच्या. हुशार आहेत. मी तिथे असते तर आणखी एक कलम घातलं असतं, मोजणारा माणूस शाळेचा नको. आमच्या पडताळणीला बाहेरचे अधिकारी आले म्हणून तर बिंग फुटलं." मग एकदम आठवण झाली. "हां, फी?"

"वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर."

काकू बोटांवर हिशोब करायला लागल्या. चाळीस लाखांच्या पुढे गेल्यावर बोटं थांबली. "चाळीस लाख! एका मुलीचे, एका वर्षाचे? मग त्या तेहेतीस जणींचे किती झाले गं? आणि दंड दोन लाख पासष्ट हजार?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शहराच्या वतीनं तो दंड मीच ठरवला होता. "पोरी घेतल्या त्यात नवल नाही. तेहेतीसवर थांबल्या कशा, याचंच मला नवल वाटतंय."

घरात कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या, ताट उचललं, दोन पावलं गेल्या आणि परत फटीपाशी आल्या.

"आणि कोपऱ्यावरचं ते निळं घर विकलं म्हणे. केवढ्याला गेलं?"