हरीण ठेवलं, आसवं गाळली

चर्चमध्ये गिटार की ऑर्गन, या वादात ज्यांची हयात गेली त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं शेवटचं पान उघडावं. 150 व्या स्तोत्रात शिंग आहे, वीणा आहे, डफ आहे, बासरी आहे, झणझणणाऱ्या झांजा आहेत. वर नाचही आहे. ड्रमसेटला हरकत घ्यायची तर आधी या पानाला घ्यावी लागेल.

‘तीच ओळ किती वेळा गाता?’ ही दुसरी तक्रार. 136 व्या स्तोत्रात 26 वचनं, आणि प्रत्येकाचा दुसरा अर्धा भाग तोच. आता बोला.

म्हणजे वाद्यांचं भांडण संपलं, धृपदाचंही संपलं. खरं भांडण वेगळंच आहे.

कात्रीचं.

42 वं स्तोत्र घ्या. पाण्यासाठी कासावीस झालेलं हरीण. मार्टिन नायस्ट्रॉमने 1980 च्या दशकात त्यावरून ‘अ‍ॅज द डिअर’ केलं आणि ते जगभरच्या मंडळ्यांत पोचलं. चाल गोड, शब्द सोपे, मलाही आवडतं. पण मूळ स्तोत्र 11 वचनांचं. गाणं त्यातलं पहिलं वचन उचलतं आणि स्तुतीकडे वळतं. पुढच्या वचनांत काय आहे? हा माणूस रात्रंदिवस रडतोय, आसवं हेच त्याचं जेवण झालंय. लोक टोचून विचारतायत, कुठे आहे तुझा देव? आणि तो स्वतः देवाला विचारतोय, मला विसरलास का?

हरीण ठेवलं, आसवं गाळली.

150 पैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची तिरीपसुद्धा नाही. वधस्तंभावर येशूच्या ओठी आलं ते 22 वं, आणि त्याची सुरुवातच देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने होते. येशूला जे म्हणावंसं वाटलं, ते आपल्याला रविवारी का चालत नाही?

गेल्या आठवड्यात जिने नवऱ्याला माती दिली, ती बाई तिसऱ्या बाकापाशी उभी आहे. समोरच्या पडद्यावर विजय, आनंद, जल्लोष. तिने काय गायचं?

तिच्यासाठी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गाणी करून ठेवली आहेत. आपण ती कपाटात ठेवली.

कात्री आजची नाही, हे मान्य. आयझॅक वॉट्सने 1719 मध्ये इंग्रजी स्तोत्रं नव्याने रचली, तेव्हा स्तोत्रकर्त्या दाविदाला ख्रिस्ती भाषा बोलायला लावली आणि न जुळणारं सरळ सोडलं. त्याच पुस्तकातलं 98 वं स्तोत्र आज ‘जॉय टू द वर्ल्ड’ म्हणून नाताळात गायलं जातं. 1971 च्या रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेतून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं अख्खी वगळली गेली. कारण त्यांतले शाप.

शापांचं मी समजू शकतो. 137 व्या स्तोत्राचं शेवटचं वचन शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल आहे, वाचताना अंगावर काटा येतो. जमैकाच्या मेलोडियन्सनी 1970 मध्ये या स्तोत्राचं गाणं केलं, 1978 मध्ये बोनी एमने त्यावर जगाला नाचवलं. तो शेवट दोघांनीही घेतला नाही. बरंच केलं.

पण रडणं म्हणजे शाप नव्हे. ते कुणाला खुपलं?

हिशेब पाहा. सीसीएलआय नावाची परवाना संस्था 1988 पासून आहे. मंडळी वर्षाची फी भरते, कोणती गाणी वापरली ते कळवते, त्या प्रमाणात गीतकाराला मानधन मिळतं. व्यवस्था प्रामाणिक आहे. पण दर रविवारी चालणारं गाणं कोणतं, उल्हासाचं की आक्रोशाचं? लिहिणाऱ्यालाही घर चालवायचं असतं. विलाप मागे पडायला कुणी कट करावा लागत नाही.

आणि गंमत नव्हे, दुःख आहे, की विलापातली ही तक्रार जपली ती एका रॉक बँडने. यू-टूने 1983 मध्ये 40 व्या स्तोत्राचं गाणं केलं आणि त्यात 6 व्या स्तोत्रातला ‘कुठवर?’ हा सवाल मुद्दाम आणून बसवला. मैफलीच्या शेवटी एकेक वादक मंचावरून निघून जायचा आणि मैदान तो सवाल गात राहायचं. चर्चने सोडलेला प्रश्न स्टेडियमने उचलला.

चर्चला जमत नाही असं मात्र नाही. अमेरिकेत ‘पुअर बिशप हूपर’ या नावाने गाणाऱ्या नवरा-बायकोने 2020 पासून दर आठवड्याला एक, अशी सगळी 150 स्तोत्रं गायली. 88 वंही.

त्यांच्या शंभरेक वर्षं आधी हे काम पंजाबात झालं होतं. सियालकोटचे पाद्री इमामुद्दीन शाहबाज हे कवी. त्यांनी अख्खी स्तोत्रसंहिता पंजाबी पद्यात आणली. काम चालू असताना दृष्टी गेली, काम थांबलं नाही. 150 स्तोत्रांची 405 गीतं झाली, त्यांना पंजाबच्याच चाली बसवल्या आणि 1908 मध्ये पुस्तक निघालं. अक्षरओळख नसलेल्या शेतमजुरांना ती तोंडपाठ झाली. सीमेच्या पलीकडे पंजाबी मंडळ्यांत आजही तेच ‘जबूर’ गायलं जातं.

मातीतली चाल होती, आणि काही गाळलं नव्हतं.

आपल्याकडे तर ही वाट आणखी सोपी. देवाशी भांडायला मराठी माणसाला कुणी शिकवावं लागतं? जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबांनी त्याला धारेवर धरलं, आणि त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं नारायण वामन टिळक सांगत. त्यांची भजनं अजून ‘उपासना संगीता’त आहेत. एवढं घरात असताना इंग्रजी कोरसचं घाईघाईचं भाषांतर कशाला, ज्यात शब्द चालीत बसत नाहीत आणि गाणारा अडखळतो?

वर्शिप लीडर मंडळींना एवढंच सांगणं आहे: येत्या रविवारी 13 वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत, चार मिनिटांत बसतात. गिटार घ्या नाहीतर पेटी घ्या. सुरुवातीलाच चार वेळा ‘कुठवर?’ येतं.

चारही वेळा गा. तिसऱ्या बाकापाशी ती बाई उभी आहे.