पार्किंगचा मार

आपल्याकडे पुरुषाने स्वतःच्या तोंडाचं काही करून घ्यायचं तर दोनच गोष्टींना मान्यता आहे: दाढी आणि कलप. त्यातही कलपाचं जरा अवघडच. अख्ख्या सोसायटीला ठाऊक असतं, पण सभ्य माणसं विषय काढत नाहीत. याच्या पुढे जाऊन सुईने चेहऱ्यात काही टोचून घेणं हे नटांचं काम, नाहीतर ज्यांची दुसरी बायको वयाने लहान आहे त्यांचं. मी डोंबिवलीत राहतो, विमा कंपनीतून निवृत्त झालोय आणि माझी एकच बायको आहे.

तरी मी गेलो. त्याला कारण मुलीच्या साखरपुड्याचे फोटो. प्रत्येक फोटोत मुलीच्या शेजारी एक दुःखी गृहस्थ उभे होते. डोळ्यांखाली खळगे, दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा. त्या दिवशी मी मनापासून खूश होतो, बासुंदी मागून घेतली होती. पण फोटो बघून व्याह्यांच्या काकूंनी हळूच चौकशी केली म्हणे, की मुलीच्या वडिलांना स्थळ पसंत नाही का? हे ऐकल्यावर लेकीनेच ठाण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. "बाबा, हल्ली लोक लंच टाइममध्ये करून येतात." रेघांना बोटॉक्स आणि खळग्यांना फिलर, असा बेत ठरला.

माझी सगळी नोकरी क्लेम खात्यात गेली. बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी गॅसच्या पावतीवरही सही करत नाही. तेव्हा वाचलं. बोटॉक्स हे मुळात विष आहे. १८२० च्या सुमाराला जर्मनीत बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत होती, त्याचा छडा लावायला युस्टिनस कर्नर नावाच्या डॉक्टरने ते विष स्वतःवरच थोडं वापरून पाहिलं. हा गृहस्थ कवीही होता, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी तेच विष सूक्ष्म मात्रेत तिरळेपणावर वापरलं. मग १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की पापण्या आपोआप मिटण्याच्या रोगावर हे इंजेक्शन घेतलेल्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्या गेल्यात. त्यांचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून ते आपल्या रिसेप्शनिस्टवर करून पाहिलं, १९९२ मध्ये निबंध छापला आणि २००२ मध्ये अमेरिकन सरकारने आठ्यांसाठी परवानगी दिली. रिसेप्शनिस्टबद्दल मला आपुलकी वाटते. साहेबांनी "बस जरा" म्हटल्यावर मीही नोकरीभर बसतच आलो.

फिलरवर हिने हरकत घेतली. त्यातलं हायलुरॉनिक अॅसिड १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयर आणि पामर यांनी पहिल्यांदा गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं, एवढंच मी वाचून दाखवलं होतं. "अहो, चातुर्मासात?" डॉक्टरांना फोन करावा लागला. आता ते जंतूंकडून तयार करून घेतात, आपण इडलीचं पीठ आंबवतो तसं, असं कळल्यावर परवानगी मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझी उलटतपासणी घेतली. रक्त पातळ करणारं काही चालू आहे का? हृदयाच्या डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. डाग परवडला, अॅटॅक नको. माझं तसलं काही नव्हतं. मग आठवडाभर ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम बंद, डोकं दुखलं तर साधी क्रोसिन. माशाच्या तेलाच्या, व्हिटॅमिन ईच्या, जिन्कोच्या, लसणाच्या गोळ्या बंद. या सगळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो आणि सुई टोचली की जास्त पाझरतं, असा त्याचा हिशेब. आधीचे एकदोन दिवस दारू नाही. आमच्याकडे माशाचं तेल अमेरिकेतला भाचा आणतो आणि आम्ही ते तारीख उलटेपर्यंत जपतो, त्यामुळे ते सोपं गेलं. बाई म्हणाल्या होत्या की फोडणीतल्या लसणाने काही बिघडत नाही, गोळ्या नकोत. पण हिने "लसूण" एवढाच शब्द ऐकला होता. आमटीपासून चटणीपर्यंत घरात आठवडाभर जैन पर्युषण पाळलं गेलं.

लग्नाआधी निदान महिना हातात हवा होता, असं बाई म्हणाल्या. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि डाग पडलाच तर तोही तेवढेच दिवस मुक्काम करू शकतो. पण जावयाच्या व्हिसाची तारीख आमच्या कुणाच्या हातात नव्हती.

प्रत्यक्ष प्रकार किरकोळ होता. आधी बर्फ, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. खळग्यांसाठी बाईंनी सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी वापरली. सुई रक्तवाहिनीला भोसकते, ही तिला बाजूला सारून पुढे जाते. मात्र नळी आत शिरायला भोक सुईनेच पाडावं लागतं. उजवा डोळा निर्विघ्न पार पडला. डाव्या बाजूला बाईंनी अचानक कापूस दाबून धरला आणि नर्सशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. क्लेम खात्यात होतो मी, समोरचा माणूस विषय बदलतो तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं.

"सगळं पथ्य पाळूनही?" मी विचारलं.

"पथ्याने शक्यता कमी होते, काका. डोळ्याखालची कातडी पातळ, आत रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि प्रत्येकाचं जाळं वेगळं. काहींचा डाग पडतोच."

घरी आल्यावर रुमालात गुंडाळलेली फ्रोजन मटारची पिशवी दहा-दहा मिनिटं डोळ्याखाली. चोळायचं नाही, दाबून मसाज नाही, दोन दिवस जोराचा व्यायाम नाही, वाफारा नाही, रात्री उशी उंच. शिवाय बाईंनी एक कागद दिला होता. दुखणं वाढत गेलं, कातडी पांढरी पडली किंवा जाळीदार निळसर दिसायला लागली, नजर अंधुक झाली, तर तो डाग नव्हे. फिलरने रक्तवाहिनी अडवलेली असू शकते, कितीही वाजता तडक फोन करा, ते विरघळवायचं औषध असतं. हिने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि रात्रभर बॅटरी घेऊन जागली. दर तासाला "किती बोटं?" पहाटे मी चिडून "पाच" म्हणालो, तेव्हा ती दोन दाखवत होती. डॉक्टरीणबाई झोपेतून उठल्या, मी माफी मागितली. मटारची दुसऱ्या दिवशी उसळ झाली.

आणि डाव्या डोळ्याखाली उगवला तो डाग! वांग्याच्या वाणाचा, नाकापासून गालफडापर्यंत पसरलेला.

दूध आणायला खाली उतरलो, तर कट्ट्यावर दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, प्रकाशाकडे वळवली आणि निकाल दिला: "परवाचा मार आहे. उजव्या हाताचा. अंगठी नव्हती." डागाच्या रंगावरून तो नेमका कधीचा हे न्यायवैद्यकातल्या लोकांनाही खात्रीने सांगता येत नाही. पण डोंबिवलीच्या कट्ट्यावर अशा शंका चालत नाहीत. "कोण?" त्यांनी विचारलं. मी "काही नाही हो, सहज..." म्हणालो. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि बी विंगकडे पाहिलं.

बी विंगमध्ये एक तरुण गृहस्थ आहेत आणि त्यांची एक अवाढव्य काळी गाडी आहे. ती दीड जागा व्यापते. उरलेली अर्धी माझी. याबद्दल मी सोसायटीला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत आलोय, सगळ्यांची पोच माझ्याकडे आहे. झालं, संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार होती. काका जाब विचारायला गेले, शब्दाने शब्द वाढला, काका मागे हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्यात भर पडली: त्यालाही लागलंय, पण कपड्यांच्या आत, दिसत नाही.

माझं वजन इतकं कधीच वाढलं नव्हतं. वॉचमन उभा राहायला लागला. सेक्रेटरींनी लिफ्टचं दार धरून ठेवलं. हास्यक्लबातल्या बायकांनी "जपा हो" म्हणताना डोळ्यांत जी चमक आणली, ती मी आयुष्यात फक्त दुसऱ्यांसाठी आलेली पाहिली होती. खरं काय ते सांगावं असं मला एकदा वाटलंही. पण मार खाल्लेल्या माणसाला मान आहे. आरशात बघून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला पुढची दहा वर्षं गणपतीच्या नाटकात बायकी भूमिका देतील.

शेवटी तो तरुण गृहस्थच घरी आला. काळवंडला होता बिचारा. "काका, मी काही केलं का तुम्हाला? सगळे माझ्याकडे असे बघतात! आईसुद्धा विचारत होती. प्लीज, सांगा ना लोकांना." मला खरंच वाईट वाटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. झालं गेलं विसरून जा." तो पाच मिनिटं उभाच होता. रात्री खिडकीतून पाहिलं, तर गाडी रेघेच्या आत होती.

ही मात्र हसली नाही. "हा डाग माझ्या तोंडावर असता ना," ताट वाढता वाढता म्हणाली, "तर एकानेही विचारलं नसतं. सगळ्यांनी नजर फिरवली असती. आणि घरी गेल्यावर तुमच्याबद्दल बोलले असते." मी जेवलो गुपचूप.

घरच्या आघाडीवर उपचारांची लगबग होती. आत्या मुक्कामाला आलेली. तिने सहाण काढून आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळायला घेतलं, मुक्या मारावर आमच्याकडे दुसरं काही लावतच नाहीत. चोळायला बंदी आहे म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, पण उगाळलेलं वाया कसं घालवायचं? तिने तो लेप माझ्या धडधाकट उजव्या गालावर लावला. म्हणे दोन्हीकडे सारखं दिसेल. मेव्हण्याने वाचलं होतं की अननसातल्या ब्रोमेलेनने डाग लवकर जातात. त्याचे अभ्यास आहेत, निष्कर्ष काही पक्के नाहीत. शिवाय ते जास्त असतं अननसाच्या देठात, जो आपण फेकतो, आणि शिजवलं की निकामी होतं. मेव्हण्याने अननसाचा शिरा करून आणला. शेजारच्या होमिओपॅथ काकूंनी अर्निका दिलं. त्याचंही तेच, कुणाला गुण दिसतो, कुणाला नाही. डॉक्टरीणबाईंकडे एक लेझर होता, तो सांडलेल्या रक्तातल्या रंगावरच नेम धरतो आणि डाग लवकर उतरवतो. त्याचा दर ऐकून मी म्हटलं, राहू दे, निसर्गाला वेळ देऊ.

निसर्गाने तो घेतला. कातडीखाली सांडलेल्या रक्ताची शरीर हळूहळू मोडतोड करतं. हिमोग्लोबिनपासून आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन, ते पिवळं, काविळीत डोळ्यांत उतरतं तेच. मी आरशासमोर उभा राहून एकेक टप्पा तपासत होतो. इतक्या नियमाने काम करणारं खातं मी नोकरीत पाहिलं नाही. कडांना हिरवट झाक आली, त्या दिवशी फौजदार म्हणाले, "भरून येतंय. केस करायची असेल तर आत्ताच."

हळदीच्या दिवशी डाग बरोबर पिवळ्यावर आला होता. बहिणींनी तोंड माखलं आणि आयुष्यातला तो एकच तास असा गेला, की माझा डावा गाल चारचौघांसारखा होता. लग्नाच्या सकाळी मात्र मेकअपवाल्या मुलीने मला खुर्चीत बसवलं. तिचं रंगांचं गणित पक्कं. लाल डागावर हिरवट, निळ्यावर पीच, जांभळ्यावर पिवळा, विरुद्ध रंग एकमेकांना मारतात. वरून कातडीच्या रंगाचा थर. "आणि पिवळ्यावर?" मी विचारलं. तिने जांभळट काहीतरी काढलं. म्हणजे जो रंग जावा म्हणून घरदार नवस बोलत होतं, तोच मी पैसे देऊन परत लावून घेतला. पण जमलं. मंगलाष्टकं सुरू असताना व्याह्यांच्या काकू हिला म्हणाल्या, "आज कसे प्रसन्न दिसतायत!"

महिन्याने फोटोवाल्याने अल्बम आणून दिला. तो उघडला आणि आम्ही गप्प झालो. त्याने कॉम्प्युटरवर सगळ्यांचीच तोंडं पुसून काढली होती, पॅकेजमध्येच होतं म्हणाला. डाग नाही, आठ्या नाहीत, खळगे नाहीत. माझेच नव्हे, व्याह्यांचे, भटजींचे, पंगतीत मागे उभ्या असलेल्या वाढप्याचेसुद्धा. ऐंशी ओलांडलेली आत्या पहिल्या रांगेत नऊवारीत बसली होती, चेहरा चाळिशीतला, एक सुरकुती नाही. आत्याने चष्मा पुसून फोटो जवळ धरला, बोट ठेवलं आणि हिला विचारलं, "ही कोण गं? मुलाकडची का?"