रिकाम्या हाताचा पर्यटक

जव्हारचा माणूस राजवाडा बघायला एकटा जात नाही. त्यासाठी त्याला मुंबईचा नाहीतर नाशिकचा पाहुणा लागतो. पाहुणा आला की सकाळी पोहे, मग जयविलास राजवाडा, दुपारी जेवण आणि वामकुक्षी, मग हनुमान पॉइंट, आणि शेवटी सनसेट पॉइंट. पावसाळा असेल तर मधे दाभोसा धबधबा घुसवायचा. या सगळ्यात आपण राजवाडा बघत नसतो. पाहुणा नीट बघतोय ना, त्याला ऊन लागत नाही ना, हे बघत असतो.

म्हणून यंदा ठरवलं, पाहुण्याशिवाय जायचं. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, हात रिकामे. आपल्याच गावात अस्सल पर्यटक व्हायचं.

उंबरठा ओलांडायच्या आत बायको म्हणाली, "अहो, जाताच आहात तर येताना आलं-कोथिंबीर आणा." पिशवी हातात आली. नाक्यावर चहावाल्याने टोपी निरखली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही. राजवाड्यावर चाललोय."

"का? काय झालं तिकडे?"

"काही झालं नाही. बघायला चाललोय."

त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. मग म्हणाला, "मग त्याच वाटेवर आमचा भाचा राहतो, एवढा डबा देता का त्याला?" पिशवीत डबा आला.

जयविलास टेकडीवर आहे. गुलाबी दगडाचा, घुमट मिरवणारा. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला. हे राजे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि पुढे लोकसभेत निवडून गेले. तोफांपासून मतपेटीपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाने एकाच आयुष्यात केला. मी घुमटाकडे कॅमेरा रोखला, तेवढ्यात मागून हाक आली.

"काका, तुम्ही इथलेच ना? आमचा एक फोटो काढता?"

टोपी, कॅमेरा काही उपयोगाचं नव्हतं. पिशवीतून डबा डोकावत असलेला माणूस इथलाच असणार, हे कोणीही ओळखेल. मुंबईचं कुटुंब होतं. त्यांचा मोबाईल माझ्या हातात, बाळाची दुधाची बाटली माझ्या काखेत, आणि चौथीतला मोठा मुलगा विचारतोय, "राजाला हे राज्य मिळालं कसं?"

आता सांगणं आलं. या घराण्याचे मूळपुरुष जयबा मुकणे यांनी वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. प्रमुख भोळा, हो म्हणाला. जयबांनी कातड्याची बारीक बारीक वादी कापली आणि तिने मोठा मुलूख वेढून घेतला.

"म्हणजे चीटिंग!" मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, बाळा, हे चीटिंग आंतरराष्ट्रीय आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणाऱ्या दिदो राणीनेही बैलाच्या कातड्याची अशीच वादी कापली, असं तिकडचे लोक सांगतात. मुलाच्या वडिलांनी दिदोचं मोबाईलवर पडताळून पाहिलं. खरं निघालं, तेव्हा माझा भाव वधारला. मग मी थांबलोच नाही. जयबांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने नेमशहा हा किताब दिला तो ५ जून १३४३ रोजी, आणि त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःची कालगणनाच सुरू केली. ३१० चौरस मैलांचं राज्य, पण वर्ष मोजायला घेतलं ते स्वतःचं. शिवाय नऊ तोफांची सलामी.

"कोणावर?" मुलाने विचारलं.

१९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, इथे मी आवरतं घेतलं. निघताना गृहस्थांना विचारलं, काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना नेलंत का? "शाळेत असताना गेलो होतो मी," ते म्हणाले. "दोन स्टेशनांवर तर आहे. जाऊ कधीतरी." ते संग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी उघडं आहे. त्यांच्याकडे जव्हारचा पाहुणा आला की जातील.

तिथून शिरपामाळ. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम झाला आणि जव्हारच्या राजे विक्रमशहांची भेट घडली, असं गाव सांगतं. माळावर मात्र मला शांतपणे उभं राहता आलं नाही, कारण चहावाल्याच्या भाच्याचा फोन आला: डबा कुठाय?

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला गेलो. तिथे तरी मला कोणी डबे देणार नाही, अशी आशा होती. मित्राच्या आजीकडे बोहाड्याचा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाचा, जुना मुखवटा आहे, तो बघायचा होता. पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात असे मुखवटे काचेआड आहेत, खाली चिठ्ठी, वर दिवा, आणि हात लावू नका अशी सूचना. इथे आजींनी माळ्यावरून जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. कागदाच्या लगद्याचा रावण. नाकावरचा रंग उडालेला, एक मिशी नव्याने काढलेली. उलटा करून पाहिला, तर आत कपाळ टेकतं तिथे चिंध्यांची गादी शिवलेली आणि ती घामाने काळी पडलेली. कोणत्या घराने कोणतं सोंग नाचवायचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ती गादी आजींच्या सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या घामाची होती. संग्रहालयात मुखवट्याचा चेहरा दिसतो, ही बाजू भिंतीकडे असते.

मी कॅमेरा काढला.

"फोटो कशाला?" आजी म्हणाल्या. "होळी झाली की बोहाडा बसेल, तेव्हा ये. रात्री सांबळ वाजायला लागला की हा जड होतो. नाचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरायला माणसं लागतात."

"मी बघायला नक्की येईन, आजी."

"बघायला कशाला? बघणारे गावभर असतात. तू उजवीकडून धर. मधलं डोकं नाचणाऱ्याचं. राहिली नऊ. डावीकडची चार माझा नातू सांभाळेल, उजवीकडची पाच तुझी."

"पाच माझ्याकडेच का?"

आजींनी टोपीपासून कॅमेऱ्यापर्यंत मला एकदा नीट पाहून घेतलं.

"तू रिकामा दिसतोस," त्या म्हणाल्या.