हडपसर व्हायच्या आधी

वाटणीचा तंटा घेऊन कुणी दारात आलं की अप्पा आधी चहा सांगतात आणि मग विचारतात, "कुठवर आलंय? आळेगाव, धोडप, की हडपसर?"

अप्पा निवृत्त भूकरमापक. उभी नोकरी भावाभावांच्या बांधांवर साखळ्या ओढण्यात गेली, त्यामुळे मराठ्यांचा इतिहास ही त्यांच्या लेखी एक लांबलेली हिस्सेमोजणी. पानिपतावर हळहळणाऱ्यांना ते दारात उभं करत नाहीत. "ते परक्याशी झालं हो. घर बसतं ते घरातल्या लढाईनं."

मग १७०७ चं खेड निघतं. चुलती ताराबाई, पुतण्या शाहू. धनाजी जाधव ताराबाईंकडून आला आणि शाहूंचा झाला. "साक्षीदार फुटला, खटला आटोपला!" मागे एका पुतण्याला त्यांनी आळेगाव लावून दिलं होतं. १७६२ मध्ये राघोबादादांनी निजामाला हाताशी धरून माधवरावांना हरवलं, तेव्हा माधवराव आपणहून काकांच्या गोटात गेले. सहा वर्षांनी धोडपला त्याच काकांना पकडून त्यांनी शनिवारवाड्यात आणून ठेवलं. "तूही काकाच्या पाया पड," अप्पा म्हणाले, "आणि सहा वर्षं कळ काढ." पोरगा पाया पडून आला. पुढच्याच महिन्यात काकानं रस्त्याकडची आठ गुंठे विकली. माधवरावांचे काका सातबारा बाळगून नव्हते, एवढाच काय तो फरक.

हडपसरला मात्र अप्पांचा आवाज खाली येतो. विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, म्हणून भाऊ यशवंतराव चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. समोर पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज, पण दौलतराव स्वतः तिकडे उत्तरेत. "कारकुनावर सोपवून मोजणीला गैरहजर!" हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जुना सरकारी राग उमटतो. दोन्हीकडच्या कवायती पायदळावर गोरे अधिकारी. होळकर जिंकले, बाजीराव सिंहगडाकडे निघाले, तिथून कोकणात आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला. ३१ डिसेंबरला तह. सहा हजारांची तैनाती फौज, खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख.

"याला काय म्हणतात ठाऊक आहे?" अप्पा बशी खाली ठेवतात. "वकिलाची फी. भांडले भाऊ, जमीन वकिलाला. म्हणून सांगतो, हडपसर व्हायच्या आधी मिटवा."

परवा आलेले दोघे भाऊ हे ऐकून खरोखरच गप्प झाले. त्यातला धाकटा जरा आगाऊ. पलीकडच्या अंगणात अप्पांचे सख्खे भाऊ पाठमोरे बसून दात घासत होते, तिकडे बघत तो म्हणाला, "अप्पा, तुमचं स्वतःचं कुठवर आलंय?"

दोन अंगणांच्या मधल्या हातभर बांधाची केस अकरा वर्षं कोर्टात आहे. अप्पांनी खिशातली डायरी काढली, चष्मा पुसला. "आमचं वेगळं आहे. आमची बाजू कायद्यानं पक्की आहे. नवीन वकील म्हणतो, पुढच्या तारखेला..."

"वसई होऊन गेली म्हणावं," काकू रिकामे कप गोळा करत म्हणाल्या. "माझ्या पाटल्या त्यातच गेल्या."