सर्वकामी यंत्राची परीक्षा

वागळे इस्टेटमधील अथवा डोंबिवली एमआयडीसीतील एखाद्या मध्यम कारखान्याच्या मालकास आपल्या दप्तरातील संगणक कालबाह्य झाल्याचा साक्षात्कार सहसा आपणहून होत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची जबाबदारी सोडली, या वार्तेने तो घडवून आणावा लागतो. अशा प्रसंगी प्रथम समिती नेमावी व तीत मालकांचा पुतण्या अवश्य घ्यावा, कारण कोणते यंत्र घ्यायचे हे त्याने आधीच ठरवलेले असल्याने समितीचा बहुमोल वेळ वाचतो. दरपत्रके तीन मागवावीत. ती तीन निरनिराळ्या लेटरहेडांवर एकाच विक्रेत्याच्या हस्ताक्षरात आली, तर तुलनात्मक तक्ता विशेष सुबक होतो.

यानंतर गुणवैशिष्ट्यांचा विचार करावा, पण फार करू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा वा पुढचा लागतो, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. त्याहून जुन्या यंत्रावर ही प्रणाली युक्तीने चढवता येते खरी. परंतु तिची अवस्था डोंबिवली जलद गाडीतील चौथ्या सीटवरच्या प्रवाशासारखी होते, म्हणजे बसलेली दिसते, टेकलेली नसते.

खरी परीक्षा टेबलामागे गुडघे टेकून घ्यावयाची असते, आणि समितीतील कोणीही सभासद तेथवर वाकत नाही. डिस्पॅचच्या वजनकाट्यापासून निघालेली, धुळीने करडी झालेली तार जुन्या संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या सीरियल पोर्टात शिरलेली असते, आणि नव्या, चकचकीत, सर्वकामी म्हणवणाऱ्या यंत्राला नेमके तेच छिद्र नसते. मग बाजारातून यूएसबीचा कन्व्हर्टर येतो. तो आज एका खाचेत लावला तर कॉम ३ होतो, उद्या दुसऱ्या खाचेत लावला तर कॉम ७, आणि जुना प्रोग्राम मात्र जन्मभर कॉम १ चीच वाट पाहत असतो. "काट्यावर बेचाळीस किलो आहे, इथे शून्य कसं?" असा डिस्पॅचच्या मॅडमनी केलेला प्रश्न हाच माझ्या मते मूल्यमापनाचा एकमेव प्रामाणिक अहवाल होय. तीच गत चलनाची. तीन प्रतींचे चलन डॉट मॅट्रिक्सच्या टाचण्या ठोकूनच उमटवतात; लेझर प्रिंटर कागदाला ठोकतच नाही, त्यामुळे पहिली प्रत सुंदर व उरलेल्या दोन कोऱ्या निघतात.

या बाबतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९६४ साली आयबीएमने होकायंत्राच्या सर्व दिशांची ग्वाही नावातच देणारे सिस्टिम/३६० हे सर्वकामी यंत्र जाहीर केले, तेव्हा त्याच्या लहान प्रतिमानावरही जुन्या १४०१ चे प्रोग्राम चालावेत अशी तरतूद करावी लागली होती, कारण जुने मोडून नवे घेण्यास थोरामोठ्यांची दप्तरेही राजी नव्हती.

चाचणी शुक्रवारी मुळीच ठेवू नये. त्या दिवशी या टापूतील बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असल्याने प्रेस बंद, वीज शांत आणि मॅडम घरी असतात. कोणतेही यंत्र अशा दिवशी अव्वल ठरते. चाचणी महिनाअखेरीस, माल भरलेला टेम्पो फाटकाशी हॉर्न वाजवीत असताना घ्यावी, आणि श्रीलिपीत टंकलेली जुनी मराठी पत्रे नव्या यंत्रावर उघडून पाहावीत. ती अगम्य चिन्हांत उघडली, तर युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा खर्च त्याच दरपत्रकात घालण्याची तजवीज करावी.

एवढे झाल्यावर पुतण्याने निवडलेलेच यंत्र खुशाल घ्यावे. मात्र ३१ मार्चचा ताळेबंद होईपर्यंत जुन्याची तार कोणी काढू नये, असा लेखी हुकूम मालकांच्या सहीने काढावा, आणि नंतरही त्याची हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय ते भंगारवाल्याच्या दृष्टीस पडू देऊ नये. ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावे.