तीर्थ किती क्युसेक?

आमच्या बालीच्या बसमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कार्यकारी अभियंता होते. त्यांचं नाव कुणी विचारलंच नाही. पहिल्या सकाळी नाश्त्याच्या रांगेत कुणीतरी त्यांना ‘साहेब’ म्हणालं, आणि त्यांनी मागं वळून ते मान्य केलं. कुठंही वाहतं पाणी दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशाकडं जायचा. नोकरीत तिथं मोजपट्टी असायची. आता तिथं रक्तदाबाच्या गोळ्या होत्या.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढं ‘देवळे व भातशेती’ एवढंच छापलेलं होतं. भातशेती बघायला समुद्र ओलांडून कशाला यायचं, हा भोर-मावळकडच्या एका जोडप्याचा सवाल होता. पण पैसे भरले होते.

गाइडचं नाव केतुत. बालीत नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. पहिलं अपत्य वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, मग मुलगा असो की मुलगी. पाचवं झालंच तर गाडी पुन्हा वायानवर. आमचा ड्रायव्हर वायान होता. सुहार्तोंच्या राजवटीत ‘दोन मुलं पुरेत’ हा प्रचार तिथं इतका मनावर घेतला गेला, की पुढं केतुत ही जमातच दुर्मीळ होऊ लागली. अखेर २०१९ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी फर्मान काढलं, की बाली लोकांना चार मुलं होऊ द्यावीत. गव्हर्नर नावावरून स्वतः वायान. धाकट्यांची काळजी शेवटी थोरल्यालाच.

“म्हणजे तुम्ही संरक्षित प्रजाती,” साहेब म्हणाले. केतुत हसला. गाइडला हसावंच लागतं.

पहिला मुक्काम गोआ गजा. तिकिटाच्या खिडकीवर आमच्यातले एक काका अडून बसले. त्यांना सुट्टे पैसे हवे होते, आणि तेही गणपतीच्या नोटेत. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम देशाच्या वीस हजारांच्या नोटेवर गणपती आहे, हा निरोप त्यांना व्हॉट्सॲपवर आला होता आणि त्यांनी तो मोबाइलमधल्या प्रत्येकाला पाठवला होता. खिडकीतल्या मुलीनं वीस हजारांची नोट दिली. तिच्यावर गणपती नव्हता. दुसरी दिली, तीही तशीच. केतुतनं समजावलं, की गणपतीची नोट होती हे खरं, ती १९९८ ची. पण २००८ अखेर ती चलनातून गेली. काकांनी त्याच्याकडं संशयानं पाहिलं. परदेशातले गाइड काहीही सांगतात, अशी त्यांची समजूत होती आणि व्हॉट्सॲपवर तिला पुरावा सापडला असता.

त्यांचं समाधान गुहेत झालं. गोआ गजाच्या तोंडावर एक राक्षसी चेहरा कोरलेला आहे; त्याच्या जबड्यातून आत जायचं. डचांना ही गुहा १९२३ मध्ये सापडली, तिच्यासमोरची स्नानकुंडं मात्र १९५४ पर्यंत मातीखालीच होती. आत अंधार, उदबत्तीचा धूर, उजव्या टोकाला तीन लिंगं आणि डाव्या टोकाला चक्क गणपती. सकाळपासून मूर्तीच्या शोधात असलेल्या आमच्या मंडळींनी त्या चिंचोळ्या जागेत आरती सुरू केली. टाळ्या पहिल्या कडव्यापर्यंत एकत्र होत्या. मागं अडकलेलं एक जर्मन कुटुंब ही इथलीच प्राचीन परंपरा समजून भक्तिभावानं चित्रण करत होतं. आम्ही तसं समजू दिलं.

इतर देवळांत मात्र मूर्तीचा प्रश्न चिघळला. बालीच्या देवळाला ना मंडप, ना गाभारा. उघडं अंगण, त्यात विषम संख्येच्या छपरांचे मनोरे, आणि उंचावर एक दगडी आसन. पद्मासन. रिकामं.

“देव कुठाय?” साहेबांच्या मिसेसनी, म्हणजे आमच्या वहिनींनी विचारलं.

“उत्सवाला येतात, मॅडम. दर दोनशे दहा दिवसांनी देवळाचा वाढदिवस असतो. तेव्हा बोलावतो, ते खाली उतरतात.”

“आणि मधल्या काळात?”

“मधल्या काळात आपापल्या जागी.”

वहिनी विचारात पडल्या. घरी रोज सकाळी देवांची अंघोळ-पूजा-नैवेद्य करून मगच त्यांना चहा मिळायचा, आणि इथं देव दौऱ्यावर येणार. “म्हणजे देवांची फिरती आहे,” साहेबांनी भाषांतर केलं. ते वहिनींना लगेच कळलं; सगळं आयुष्य त्यांनी फिरतीवरच्या माणसाचा डबा भरण्यात घालवलं होतं.

अर्थात देव नसले तरी त्यांची सरबराई दिवसभर चालू असते. पाय ठेवाल तिथं नारळाच्या कोवळ्या पानांची तळहाताएवढी परडी: तीत फुलं, भाताची शितं, वर एक उदबत्ती. दुकानाच्या उंबऱ्यावर, फुटपाथवर, आमच्या बसच्या डॅशबोर्डवर. कुणी त्यात बिस्किट ठेवतं, कुणी सिगारेट. डॅशबोर्डवरची सिगारेट पाहून आमच्यातल्या एकांना धर्म बदलावासा वाटला, पण तो आपलाच धर्म आहे हे त्यांच्या बायकोनं लक्षात आणून दिलं. देवळाच्या दारावरच्या पाटीत पाळी चालू असलेल्या स्त्रियांना प्रवेशबंदी होती. ती वाचून बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मूर्ती नाही, गाभारा नाही, पण हे बरोबर पोचलं होतं.

खरी गंमत तीर्था एम्पुलला झाली. तांपाकसिरिंगचं हे देऊळ झऱ्यावर बांधलेलं आहे. साल ९६२. (त्या वेळी आपल्याकडं राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण गादीवर होता, हे काकांनी सांगितलं आणि या खेपेला ते बरोबर होतं.) मायादनवा नावाच्या राजानं पाण्यात विष कालवून इंद्राची सेना लोळवली, तेव्हा इंद्रानं जमीन भेदून हा झरा काढला, अशी कथा आहे. मागच्या कुंडात तळाची काळी ज्वालामुखी वाळू खदखदत असते आणि तिच्यातून स्वच्छ पाणी वर येतं. पुढच्या कुंडांत ते दगडी तोट्यांतून पडतं. भाविक डावीकडून सुरुवात करून एकेका तोटीखाली डोकं धरतात. ओळीतल्या दोन तोट्या सोडायच्या. त्या मृतांच्या विधीसाठी आहेत. केतुतनं हे तीनदा सांगितलं, कारण त्याला पर्यटकांचा अनुभव होता.

आम्ही भाड्याचं हिरवं सारोंग नेसून, कमरेला पट्टा बांधून रांगेत उभे राहिलो. पाणी कमालीचं गार. पुढच्या रशियन मुलीचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. तिच्या मागं साहेब, कमरेइतक्या पाण्यात, डोळे सताड उघडे, तोटीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरून ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. आम्हांला वाटलं मंत्र. ते आकडे होते.

“केतुत, या झऱ्याचा विसर्ग किती क्युसेक?”

“सर, हे तीर्थ आहे.”

“तीर्थच विचारतोय. आणि पुढं कुठं जातं?”

इथं केतुतचा चेहरा पहिल्यांदा पाठ केलेल्या माहितीतून बाहेर आला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता. हे पाणी पाकेरिसान नदीच्या खोऱ्यातल्या शेतांना जातं, त्यानं सांगितलं. खालच्या पुलागान सुबाकचं भात याच तीर्थावर पिकतं. सुबाक म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांचा संघ. त्यांचा निवडलेला प्रमुख, त्यांच्या सभा, त्यांचे दंड आणि त्यांचं स्वतःचं देऊळ. आवर्तन केव्हा, लावणी केव्हा, शेत कोरडं केव्हा ठेवायचं, हे देवळात ठरतं.

“देवळात?” साहेब अजून पाण्यातच होते. “कालवा सल्लागार समिती नाही? पालकमंत्री?”

“पुजारी असतात, सर.”

साहेब सारोंगसकट बाहेर आले. त्यानंतर दिवसभर आम्ही बाली साहेबांच्या प्रश्नांमधून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याशिवाय आम्ही फक्त फोटो काढले असते. गुनुंग कावीची डोंगरात कोरलेली अकराव्या शतकातली दहा देवळं शेकडो पायऱ्या उतरून बघायची की जेवायला जायचं, यावर बसमध्ये मतदान झालं आणि जेवण एकमतानं निवडून आलं. तरी वाटेत केतुतनं साहेबांसाठी बस थांबवून पाणी वाटायची जागा दाखवली. पाटात आडवा टाकलेला एक ओंडका, त्याला खाचा पाडलेल्या. ज्याचा जेवढा हक्क, तेवढी रुंद खाच. झडप नाही, कुलूप नाही, चावी नाही. साहेब उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. “याची चावी हरवतच नाही,” ते शेवटी म्हणाले. नोकरीत त्यांनी चाव्या हरवल्याच्या तक्रारींची एक अख्खी फाइल सांभाळली होती.

किंतामणीला जेवताना समोर बातूरचा ज्वालामुखी आणि खाली त्याच्या कुशीतलं तळं दिसतं. या तळ्याची देवी दानू ही पाण्याची मालकीण. तिचं देऊळ पूर्वी खाली होतं, १९२६ च्या उद्रेकात लाव्ह्यानं गाडलं, मग गावासकट वर कड्यावर आणलं. या भागातले सुबाक पाण्याचं भांडण घेऊन इथवर येतात, केतुतनं सांगितलं.

साहेबांनी पुलाव बाजूला सारला. “पण या तळ्याला सांडवाच दिसत नाही. यातून एकही नदी निघत नाही. मग ही मालकीण कसली?”

“आम्ही मानतो, पाणी जमिनीच्या पोटातून झऱ्यांना जातं.”

“आणि वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतो, ते केवळ देवीच्या भीतीनं? आमच्याकडं हेडवाला टेलवाल्याला ओळखही दाखवत नाही.”

केतुतचं उत्तर सोपं होतं. पाण्याची चिंता खालच्याला. किडीची चिंता मात्र सगळ्यांना. सगळ्यांनी एकाच वेळी लावलं, एकाच वेळी कापलं आणि एकाच वेळी शेतं मोकळी ठेवली, तर तुडतुडे आणि उंदरांना मधल्या काळात खायला काही उरत नाही. खालच्यानं वेळापत्रक पाळायचं, तर त्याला पाणी वेळेवर पोचलं पाहिजे. म्हणून वरचा सोडतो. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीचे सल्लागार आले. त्यांनी सांगितलं, देवळांचं काय ऐकता, नवं बियाणं घ्या, जमेल तितक्या वेळा लावा. लोकांनी लावलं. मग तपकिरी तुडतुडे आले, उंदीर आले, पीक गेलं. पुढं स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं एका सहकाऱ्याबरोबर संगणकावर खोऱ्याची प्रतिकृती मांडली, तर देवळांचं जुनं वेळापत्रकच सरस ठरलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारशात घेतलं.

साहेब गप्प झाले. मग हळूच म्हणाले, की धुळ्याला पांझरेवर फडपद्धत होती. गावाचं पाणी गावच वाटायचं, पाटकरी गावानं नेमलेला. ते तिथं कनिष्ठ अभियंता होते. “आम्ही धरणं बांधली, कालवे काढले. फड मोडत गेले. मग २००५ मध्ये शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढाव्यात म्हणून कायदा केला.” वहिनींनी पुलावाची ताटली परत त्यांच्यापुढं सरकवली.

तेगल्लालांगला त्यांचा मूड सुधारला. दरीच्या उतारावर भाताच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला हिरव्याची वेगळी छटा. ते सुंदर आहेच, त्यात वाद नाही. त्यावर मोठाले झोके टांगलेत. भाड्यानं मिळणारा लांब पायघोळ झगा घालायचा आणि दरीवर झोका घ्यायचा. झगा मागं फडफडतो, खाली कुणीतरी चिखलात वाकून भात लावत असतं आणि ते फोटोत येत नाही. युनेस्कोच्या यादीत हे शेत नाहीच. तिथली नावं जातिलुविह वगैरे. पण झोके इथं आहेत, म्हणून बसही इथं थांबते.

बांधावरून चालताना दर थोड्या अंतरावर एक म्हातारा आडवा बांबू लावून बसलेला. शेजारी डबा. पैसे टाकले की बांबू वर. मंडळी कुरकुरू लागली. साहेब मात्र प्रत्येक बांबूपाशी थांबून, नोट टाकून, मान डोलवत पुढं जात होते.

“पाणीपट्टीची वसुली,” ते म्हणाले, “शंभर टक्के. थकबाकी शून्य. मी असं फक्त अहवालात पाहिलंय.”

परतीच्या वाटेवर लुवाक कॉफीचा मळा. कॉफीची फळं उदमांजराला खायला घालायची आणि त्याच्या विष्ठेतून निघालेल्या बिया धुऊन, भाजून सोन्याच्या भावानं विकायच्या. कोकणातल्या एका बाई पिंजऱ्यात डोकावून म्हणाल्या, हा तर आमच्या माळ्यावर रात्रभर धुडगूस घालतो, याचे पैसे मिळतात हे आधी कळायला हवं होतं. पिंजऱ्यातलं जनावर दिवसाउजेडी डोळे मिचकावत येरझाऱ्या घालत होतं. कॉफी कडू होती. तिच्याबद्दल एवढंच.

बसमध्ये साहेबांनी केतुतला शेवटचा प्रश्न विचारला. बातूरच्या देवळाचा तो मुख्य पुजारी, ज्याचा शब्द एवढ्या पाण्यावर चालतो, त्याला नेमतं कोण? केतुत म्हणाला, आधीचा वारला की देवळातल्या कुमारिकेच्या अंगात देवी येते, आणि ती एका लहान मुलाकडं बोट दाखवते. तो मग जन्मभर.

“जन्मभर? बदली नाही?”

“नाही, सर.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि निवृत्त अभियंत्यांच्या गटावर लांबलचक निरोप लिहायला घेतला. सांडवा नसलेलं तळं, चावी नसलेली खाच, थकबाकी नसलेली वसुली, सगळं सविस्तर. शेवटी: ‘येथे मुख्य अभियंत्याची निवड कुणाच्या तरी अंगात आल्यावर होते.’

हॉटेल येईपर्यंत उत्तर आलं. साहेबांनी ते आम्हांला वाचून दाखवलं.

‘मग आपल्याकडे वेगळं काय होतं?’