रात्रीचा पारा कोण बघतो?

16 एप्रिल 2023. खारघरचं मैदान, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी आणि डोक्यावर छत नाही. उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. मग सरकारला जाग आली: दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम बंद.

कार्यक्रम बंद. स्लॅब चालू.

उलव्यात भर दुपारी सळ्या बांधणारा माणूस हाताला ओला फडका गुंडाळतो, कारण सळई धरली की चटका बसतो. त्याच्या दुपारचं काय?

‘कोकणात उकाडा काय नवीन?’ असं म्हणणारे भेटतातच. ऊन जुनंच आहे हो, जमीन नवी आहे! पनवेल-उरणच्या पट्ट्यात भातखाचरं होती, खाजणं होती, मिठागरं होती. पाण्याची वाफ होताना उष्णता उचलली जायची. आता तिथे डांबर आणि काँक्रीट. दिवसभर ऊन प्यायचं, रात्रभर ओकायचं. 1160 हेक्टरच्या नवी मुंबई विमानतळासाठी तर उलव्याची टेकडीच फोडून सखल जमिनीत भरली. विमानं हवीत, मान्य. पण आजूबाजूच्या उरल्यासुरल्या खाजणांवरही भराव हवाच का?

शहर गावापेक्षा तापतं आणि रात्री जास्तच, हे ल्यूक हॉवर्डने लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. तेव्हा एसी नव्हते. आज आहेत. आपली बेडरूम गार करायची आणि आतली गरमी समोरच्या खिडकीवर सोडायची. समोरचाही एसी घेतो. पत्र्याखाली झोपणाऱ्याने काय घ्यायचं?

शाळेत घोकलेलं आठवतं? दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. मतलई वारा सुटायला जमीन समुद्रापेक्षा गार व्हावी लागते.

ती निवलीच नाही तर?

आता सरकारी मोजमाप बघा. किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त हवं. ठीक. पण ‘उष्ण रात्र’ जाहीर व्हायला दिवसाचा पारा 40 गाठायला हवा. किनाऱ्यालगत तो तिथवर क्वचित जातो. म्हणजे घामाने उशी भिजली, म्हातारी माणसं पहाटेपर्यंत तळमळली, तरी कागदावर रात्र सुखाची!

रात्रीने अंगातली दिवसाची उष्णता उतरवायची असते. ती उतरली नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आधीच थकलेल्या शरीरावर पडतं. म्हणून दमट किनाऱ्यासाठी रात्रीचा वेगळा निकष हवा आणि तो याच उन्हाळ्यात हवा.

पनवेल महापालिका 2016ची. रायगडमधली पहिली. जुन्या शहरांच्या चुका तिच्यासमोर उघड्या पडल्या आहेत. नकाशा मंजूर करताना पार्किंग मोजून घेतात, मग खाडीचा वारा मागच्या चाळीपर्यंत पोचेल का, हे बघायला कुणी हात धरलाय?